आत्या, तुझा ढोल पुढं पळायचा

आत्या, दहाव्याला रामकुंडावर कावळा इतक्या लवकर शिवला की गुरुजींचाही गोंधळ उडाला. काकांनी पिंड ठेवला, मागं सरकले, हात जोडणार तेवढ्यात भाताचा घास चोचीत घेऊन कावळा पसार. शेजारच्या दहाव्याची मंडळी बिचारी कधीपासून ताटकळत उभी होती. त्यांच्यातले एकेक जण पुढं येऊन पिंडाला सांगत होते, घर वाटून घेणार नाही, धाकट्याचं शिक्षण पूर्ण करू, आईला अंतर देणार नाही. त्यांचा कावळा काही केल्या हलत नव्हता. तुझा मात्र कुणी तोंड उघडायच्या आत येऊन गेला. मला रडता रडता हसू आलं. म्हटलं, इथंही घाईच!

पण त्या कावळ्यानं माझी पंचाईत केली. मी घरून निघतानाच मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा अडला की पुढं व्हायचं आणि सगळ्यांच्या देखत खणखणीत म्हणायचं, "आत्या, तुझ्या मृणालच्या हळदीला मी गाणी वाजवणार आहे, तू काळजी करू नकोस." पिंडासमोर बोललेलं कुणाला मोडता येत नाही, एवढी अक्कल मलाही आहे. बोलायची वेळच आली नाही. आणि भाऊसाहेब, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, तुझे दीर, पायऱ्या चढता चढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शोभा तृप्त गेली. काही इच्छा राहिली नव्हती बघा."

तृप्त? तू? मृणालच्या साखरपुड्यात जिलबी आपल्या पंगतीपर्यंत आलीच नाही म्हणून आठवडाभर धुसफुसत होतीस तू. गुडघ्याला पट्टा बांधून, पन्नाशी उलटल्यावर ढोल पथकात नाव घातलेली तू. पथकातल्या पोरी सुट्टी घ्यायच्या, तू घ्यायची नाहीस. अशी बाई तृप्त होऊन जात नसते. ती मध्येच जाते आणि मागं राहिलेल्यांवर चिडून जाते.

दुसऱ्याच दिवशी घरात बैठक बसली. लग्नाची तारीख तू असतानाच धरलेली. आई गेली की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ असतं. म्हणून तारीख तीच ठेवायची ठरलं. मंडप चालेल. आचारी चालेल. जिलबीसुद्धा चालेल. गावभर पत्रिका वाटल्या तरी चालतील. गाणं तेवढं चालणार नाही. मी विचारलं, "आत्यानं मला सांगून ठेवलं होतं, त्याचं काय?" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "अगं, तिची तशी इच्छा राहिली असती तर कावळा अडला नसता का?" बाबांनी मला नजरेनंच गप्प केलं. मृणाल खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. काका तुझ्या झोपाळ्यावर होते, त्यांनी झोकासुद्धा घेतला नाही.

कावळ्याला भूक लागली होती, आत्या. दुसरं काही नाही.

भाऊसाहेब वाईट नाहीत, हे मला कळतं. तुला खांदा देताना सगळ्यांत आधी हुंदका त्यांचाच फुटला. पण दुःख कसं करायचं हे ते ठरवणार, आणि ते सगळ्यांनी तसंच करायचं, हे मला मान्य नाही.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, शोभाताईंना ताल उपजतच होता, येवल्याला माहेरी पैठणीचा माग, त्या खटखटीत वाढलेल्या ना! मी मान डोलावली नाही. तुझ्या तालाबद्दल या नाशकात कुणाला माहिती असेल तर मला. तुझ्या ढोलात जोर होता, जीव होता, बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. पण तू पुढं पळायचीस. गर्दी जमली, कुणी शिट्टी मारली की तुझे हात सुटलेच. तुझ्यापायी अख्खं पथक धावत सुटायचं आणि शेवटी सगळ्या धापा टाकत थांबायच्या. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं बोलते, तुला तेच आवडायचं. म्हणजे आवडायचं नाही, पण ऐकून घ्यायचीस.

मी डीजेचा तो जुना कंट्रोलर घरी आणला तेव्हा बाबांनी दारातच सांगितलं, या घरात डीजे वाजणार नाही. डीजे म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं मिरवणुकीतल्या ट्रकवरच्या स्पीकरच्या भिंती आणि थरथरणाऱ्या खिडक्या. माझ्याजवळ काय होतं? मांडीवर मावेल असं, लॅपटॉपला जोडायचं एक यंत्र, त्यावर दोन थाळ्या, चार बटणं आणि एक हेडफोन. आणि मी गेले कुणाकडं, तर तुझ्याकडं. पथकवाल्यांचं आणि डीजेवाल्यांचं किती सख्य असतं हे मी तुला सांगायला नको. तुमच्या पथकात तर डीजे हा शब्दच शिवीसारखा वापरायचे. तरी तू म्हणालीस, "घिऊन ये हिकडं. बघू तरी काय सोंग हाय."

मग जेलरोडच्या तुझ्या घरातली ती गॅलरीलगतची खोली आपली झाली. रविवारी दुपारी जेवणं झाली की काका आत पेपर तोंडावर घेऊन आडवे व्हायचे. मी टीपॉयवर वायरी पसरायचे. तू मेथीची जुडी घेऊन समोर बसायचीस.

तुला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं मी. एक गाणं स्पीकरवर चालू. दुसरं फक्त माझ्या हेडफोनमध्ये, एका कानावर. यंत्रावरची वेगाची पट्टी सरकवून दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या बरोबरीला आणायचा, मग थाळी बोटानं किंचित पुढं-मागं ढकलून ठोक्यावर ठोका बसवायचा, आणि मगच ते लोकांना ऐकवायचं. बसलं तर एका गाण्यातून दुसरं कधी सुरू झालं ते नाचणाऱ्याच्या पायांना कळतसुद्धा नाही. नाही बसलं तर जिन्यावरून दोघंजण स्लिपरा घालून धावत उतरतायत असं ऐकू येतं. तू तेवढं बरोबर उचललंस. मेथी निवडता निवडता ओरडायचीस, "पूर्वे, स्लिपरा वाजाया लागल्या!"

लॅपटॉपमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की यंत्रच सगळे ठोके बसवून देतं. कॉलेज रोडच्या क्लासमधले सर म्हणायचे, आजकाल कानानं कोण करतं? पण जुन्या गाण्यांना ते बटण फसतं. आपली हळदीची गाणी घे. वाजवणारी माणसंच होती, कडव्यागणिक थोडी पुढं-मागं झालेली. यंत्र तिथं भलताच हिशेब धरतं आणि सगळा खेळखंडोबा होतो. मला कानानंच यायला हवं होतं. आणि मला तर नजर स्क्रीनवरच्या ठोके दाखवणाऱ्या रेघांवरून हटवता यायची नाही. दोन-तीन वेळा तू बघितलंस, मग उठलीस आणि डब्यातलं पोळ्यांचं फडकं आणून स्क्रीनवर टाकलंस. "आता बघ कशी बघती त्ये."

महिनोन्महिने मला जमलं नाही. आता सांगते, तुझी मदत निम्मी चुकीचीच असायची. गाणं पुढं गेलेलं असायचं आणि तू "मागं पडलं, मागं पडलं" म्हणून ओरडायचीस. मी तुझं ऐकून ढकलायचे आणि आणखी बिघडायचं. काहीतरी बिनसलंय हे तुला माझ्याआधी कळायचं आणि काय बिनसलंय हे कधीच कळायचं नाही. आणि एक गाणं अर्ध्यात सोडून दुसऱ्यात जाणं तर तुला कधी पटलंच नाही. "ज्येवणाऱ्याला ताटावरनं उठवती तू." मी म्हणायचे, उठवत नाही गं, दुसऱ्या पंगतीला बसवते. "पयल्या पंगतीतलं पोट तर भरू दे त्याचं!" हे आपलं दर रविवारी.

पण माझं वाईट वाजवणं पुन्हा पुन्हा बसून ऐकणारं या जगात दुसरं कुणी नव्हतं. आई नाही, मैत्रिणी नाहीत. चांगलं वाजवायला लागल्यावर ऐकायला खूप जण येतात. तू त्याच्या आधी आलीस. हे मी तुला कधी म्हणाले नाही, कारण तू लगेच "बास बास, नाटकं नको" म्हणाली असतीस. आता तुला अडवता येणार नाही, म्हणून म्हणून घेते. माझ्यावर फार उपकार आहेत तुझे, आत्या.

मग मृणालचं लग्न ठरलं आणि तुझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. मी आले तर तू ढोल कमरेला बांधून खोलीच्या मधोमध उभी. "हळदीला मी ढोल वाजवणार आन तू त्याच्याखाली गाणं लावणार. ढोल आन डीजे एका मांडवात. जळू दे दोन्हीकडच्यास्नी!" बँडवाल्याला ठरवतात तशी तू मला सुपारी दिलीस, पानाच्या डब्यातली खरी सुपारी काढून हातावर ठेवलीस. माझी पहिली सुपारी. वर दम दिलास, घेतली की मोडायची नाय.

ढोलाखाली गाणं लावायचं म्हणजे बटणाचं काम नाही. माणसाचा हात यंत्रासारखा एका वेगानं चालत नाही, आणि तुझा तर नाहीच नाही. सगळा वेळ पट्टीवर बोट ठेवून मला तुझ्यामागून चालावं लागायचं. सुरुवात झकास व्हायची. तू मान हलवायचीस, मी मान हलवायचे. मग गाणं रंगात आलं की तुझे डोळे चमकायचे आणि मला कळायचं, आता ही पळणार. पळायचीसच. माझं गाणं मागं राहायचं, स्लिपरा वाजायला लागायच्या, आणि आतून काकांचा खोकला ऐकू यायचा. एकदाही, आत्या, एकदाही आपण एक गाणं शेवटपर्यंत नेलं नाही.

शेवटच्या रविवारी मी वैतागले. म्हटलं, "तू जरा हात आवर ना. ठोका म्हणजे ठोका, तो काय तुझ्या मनावर चालतो?"

"मंग काय तुझ्या पट्टीवर चालतो?" तू टिपरू ढोलावर टेकवून म्हणालीस. "ढोलाच्या मागं गाणं येतं पूर्वे. गाण्याच्या मागं ढोल नाय जात."

"मग वाजव एकटीच."

"वाजवीन की! तू नव्हती तवा काय गप बसली व्हते का मी?"

मी वायरी गुंडाळल्या, चहा न घेता निघाले. खाली गाडीला किक मारत होते तर तू गॅलरीतून ओरडलीस, "म्होरल्या रविवारी ये! मी नाय बदलणार, पर ये!" मी वर बघितलं नाही, पण मला हसू आलं होतं आणि ते तुला वरून दिसू नये म्हणून हेल्मेट घातलं. त्याच आठवड्यात एका सकाळी दूध तापवताना तू खाली बसलीस ती पुन्हा उठली नाहीस.

सगळे मला विचारतात, शेवटचं भांडून आलीस, मनाला लागलं असेल ना? नाही लागलं. आपण भांडायचोच. माफी मागण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तूही मागितली नसतीस. लागलं ते वेगळंच. वाद अर्धा राहिला. पुढच्या रविवारी मी नवं काहीतरी घेऊन येणार होते, तू त्यावर आणखी काहीतरी फेकणार होतीस. मला माझी बाजू अजून मांडायची आहे आणि समोर कुणी नाही. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस, असं मात्र मी धरणार नाही.

आता कालचं सांगते. काल मृणालची हळद झाली.

बैठकीनंतर चारेक दिवसांनी तिनंच मला फोन केला. तुझी पोरगी कशी बोलते तुला माहितीये, शब्द मोजून. म्हणाली, "पूर्वा, तू सामान घेऊन ये. आईनं तुला सांगितलं होतं. कावळ्याला कुणी विचारलं नव्हतं." मी रिक्षात दोन स्पीकर घालून दुपारीच तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोचले. मंडप झाला होता. पाट मांडला होता. तुमच्या पथकातल्या बायका पिवळ्या साड्या नेसून आलेल्या, पण रिकाम्या हातांनी, भाऊसाहेबांचा निरोप त्यांच्यापर्यंतही गेला होता. मी खांबाआड टेबल लावलं. सवाष्णींनी आंब्याच्या पानानं हळद लावायला घेतली, मी जुनी गाणी हलक्या आवाजात सुरू केली. भाऊसाहेबांनी एकदा वळून बघितलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, चाललंय.

मग मृणालनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी ठोका चढवला, आवाज वाढवला, पथकातल्या दोघी-तिघी पुढं सरकल्या. आणि गाणं गप झालं. भाऊसाहेबांनी मीटरच्या बोर्डावरची पिन उपसून हातात धरली होती.

"पूर्वा, घरात माणूस गेलंय. एवढंही कळत नाही का तुला?"

"भाऊसाहेब, माझंही माणूस गेलंय," मी म्हटलं. "आणि तिनं मला सांगितलं होतं."

बाबा माझ्याकडं यायला निघाले, मला टेबल आवरायला लावणार हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. आणि तेवढ्यात टाळी वाजली. मृणाल. पाटावर बसल्या बसल्या, कोपरापर्यंत हळद, डोळे भाऊसाहेबांवर, आणि टाळ्या वाजवतेय. गाण्याचा ठोका तिनं तसाच धरून ठेवला होता. हळदीचे शिंतोडे शेजारच्या बायकांच्या साड्यांवर. मग पथकातल्या एकीनं धरला, मग दुसरीनं. कुणीतरी परात पालथी घातली. तुझ्याच बायका त्या, तुझ्याच वळणाच्या, हां हां म्हणता टाळ्या पळायला लागल्या.

स्पीकर बंद होते, पण लॅपटॉपला बॅटरी असते. माझ्या कानात गाणं चालूच होतं. एका कानात गाणं, दुसऱ्या कानात त्या टाळ्या. मी रेघा दिसू नयेत म्हणून लॅपटॉपची स्क्रीन खाली झुकवली आणि पट्टी सरकवायला घेतली. थोडी. आणखी थोडी. थाळी बोटानं ढकलली. टाळ्या पुढं गेल्या, मी मागून गेले. पुन्हा पुढं, पुन्हा मागून. कुणालाच ऐकू येत नव्हतं मी काय करतेय ते, आणि मी आयुष्यात एवढं कशासाठी धडपडले नव्हते.

तेव्हा काका उठले. खुर्चीतून उठले, माणसांतून वाट काढत बोर्डापाशी गेले, मोठ्या भावाच्या हातातून पिन घेतली आणि लावली. ओढून घेतली नाही, नुसता हात पुढं केला आणि भाऊसाहेबांनी दिली. स्पीकर खर्रकन जागे झाले. मी आवाज उघडला.

बसलं, आत्या. टाळीवर टाळी, ठोक्यावर ठोका, एकही स्लिपर वाजली नाही. बायकांनी एवढा मोठा गलका केला की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्या उघडल्या. त्या आणखी पळाल्या, मीही पळाले, पट्टीवरचं बोट सुटलं नाही. गाणं संपेपर्यंत नेलं. हो, संपेपर्यंत, मध्ये तोडलं नाही. तू हे तुझा विजय म्हणून धरशील, म्हणून आधीच सांगून ठेवते, टाळ्या बेशिस्तच होत्या. फक्त काल त्यांच्यामागून पळायला मला जमलं. मृणाल रडत होती आणि वाजवत होती. मी रडत होते आणि वाजवत होते. कोण म्हणतं दुःखाला गप्प बसावं लागतं?

भाऊसाहेब काकांना म्हणाले, "अरे, लोक काय म्हणतील?" काका म्हणाले, "म्हणतील त्यांना माझ्याकडं पाठवा." मग त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्या बोर्डाखाली, पिनेच्या शेजारी बसले. पंगत बसली तरी उठले नाहीत. ताट तिथंच मागवलं, मांडीवर घेऊन जेवले. कुणी त्या बाजूला फिरकलं की मान वर करून विचारायचे, "काय पाहिजे?"

भाऊसाहेब पंगतीला बसले, तेव्हा मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, दोन घास नीट जाऊ देत. मी आवाज उतरवला. बोर्डाखालून काकांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडं बघितलं.

"कमी का केलास?"

मी वाढवला.